शब्दाच्या शेवटावरून शब्दाची जात: स्वतःची भाषा रचणाऱ्याला एक उत्तर

कोल्हापुरात ॲनिमेशन शिकणारा एक विद्यार्थी आपल्या चित्रकथेतल्या डोंगरी राज्यासाठी भाषा रचतोय. एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रत्येक शब्दाला ठरलेला शेवट असतो, नामाच्या शेवटी ओ असतो, हे वाचून त्यानंही आपले शेवट ठरवले: नामाला '-अन', विशेषणाला ऱ्हस्व '-इ', क्रियाविशेषणाला दीर्घ '-ई', क्रियापदाला '-ऊ'. वहीत सगळं चोख बसतं. मित्रांना वाचून दाखवलं की मात्र कुणाला काही लागत नाही, आणि एक जण तर म्हणाला, "ही भाषा नाही, कोड आहे." त्याचा प्रश्न असा, की हे शेवट ठेवायचे का, इतर रचलेल्या भाषांनी काय केलंय आणि भाषा खरी वाटायला काय करावं लागेल.

मी एस्पेरांतो शिकवते आणि नाटकवाल्यांना, गेमवाल्यांना लागतील तशा भाषा रचून देते. त्याआधी शाळेत मराठी व्याकरण शिकवत होते, त्यामुळे उत्तरात मराठी वरचेवर येणार.

आधी मित्रांना का लागत नाही ते. मराठी माणूस शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई वेगळी काढतच नाही. म्हणून तर लेखनाच्या नियमांत अंत्य इकार-उकार सरसकट दीर्घ लिहायचे ठरले, आणि 'आणि', 'नि' असे अपवाद वेगळे सांगावे लागतात. तुमच्या वहीत 'सोरि' आणि 'सोरी' हे दोन शब्द आहेत. तोंडातून दोन्ही वेळा 'सोरी'च बाहेर पडतं. विशेषण आणि क्रियाविशेषण तिथंच एक झाले. '-अन' तर आणखी अडचणीचा. पटकन, झटकन, धाडकन ऐकत वाढलेल्या कानाला तो शेवट सरळ क्रियाविशेषणाचा वाटतो. 'गुबन' म्हणजे तुमच्याकडे दगड असेल, ऐकणाऱ्याला मात्र काहीतरी गुबकन पडल्याचा भास होणार. शेवट कागदावर ठरवू नका. संध्याकाळी गंगावेशीतल्या गर्दीतून मित्राला फोन लावा, वाक्यं वाचून दाखवा आणि प्रत्येक शब्दाची जात त्याला सांगायला लावा. त्या गोंगाटात जे दोन शेवट एकमेकांत मिसळतात, त्यांतला एक बदलायचा.

आता एस्पेरांतो. डॉ. झामेनहोफ यांनी 1887 साली वॉर्सात ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या पुस्तिकेत नऊशेच्या आसपास मूळ शब्द होते आणि व्याकरणाचे नियम 16. एवढ्या भांडवलावर सगळी भाषा उभी करायची, तर एका मुळातून नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण सगळं निघायला हवं. ती सोय शेवटच्या स्वरानं केली. ओ आला की नाम, आ आला की विशेषण, ए आला की क्रियाविशेषण, ई आली की क्रियापदाचं मूळ रूप. 'पारोलो' म्हणजे बोलणं, 'पारोली' म्हणजे बोलण्याची क्रिया, 'पारोला' म्हणजे तोंडी, 'पारोले' म्हणजे तोंडी पद्धतीनं. काळ दाखवायला आस वर्तमान, ईस भूत, ओस भविष्य. जर-तरच्या वाक्याला ऊस. हा शेवट आमच्या वर्गात कुणी विसरत नाही: 'से प्लुवूस, ला सुकेरकानो क्रेस्कूस', पाऊस पडला असता तर ऊस वाढला असता. ज्याच्या घरी शेती आहे त्याला ऊस आणि जर-तर यांचं नातं वेगळं समजवावं लागत नाही.

यात नवल काय आहे ते मराठीशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. 'पांढरा घोडा आला.' तीन शब्द: विशेषण, नाम, क्रियापद. तिन्हींचा शेवट आ. घोडी आली की तिन्ही शब्द ई घेतात: 'पांढरी घोडी आली.' घाट उतरून मालवणी मुलखात गेलात तर तिन्ही ओ घेतात: 'पांढरो घोडो इलो.' म्हणजे आपला शेवट शब्दाची जात सांगतच नाही. तो लिंग आणि वचन सांगतो, आणि एकमेकांचे शब्द कोणते हे दाखवतो. जात आपण जागेवरून आणि सवयीनं ओळखतो. एस्पेरांतोत हेच वाक्य 'ब्लांका चेवालो वेनिस'. तीन शब्द, तीन वेगळे शेवट. घोडी आली तर बदलतं फक्त नाम: 'ब्लांका चेवालीनो वेनिस'. मधला 'ईन' हा आपल्या वाघ-वाघीणमधल्या ईणसारखाच वागतो, पण ओ जागचा हलत नाही, कारण ओचं काम नाम दाखवणं हे आहे, पुल्लिंग दाखवणं नव्हे. मराठी विद्यार्थ्याला हे पचायला वेळ लागतो. 'ब्लांका' ऐकलं की त्याला पुल्लिंग वाटतं आणि बाईसाठी तो 'ब्लांकी' करून मोकळा होतो. तुमच्या मित्रांच्या डोक्यातही हेच होत असणार: तुमची '-ई' त्यांना स्त्रीलिंगी ऐकू येते.

या शेवटांचा फायदा केवढा, ते निरर्थक वाक्यावर कळतं. 'तो चिंबळा गोड्रू फदफदत लुंबला.' 'तो' सोडला तर एकाही शब्दाला अर्थ नाही, तरी गोड्रू नावाचं काहीतरी होतं, ते चिंबळं होतं आणि ते लुंबलं, एवढं तुम्हाला कळलं. यात 'तो', शब्दांचा क्रम, 'त' आणि 'ला' अशा सगळ्यांनी मिळून मदत केली. आता एस्पेरांतोच्या साच्यातलं: 'ग्लिपा फ्रुंदो ब्लोमे त्रेबास'. इथं शब्दांची जागा उलटसुलट केली, 'त्रेबास ब्लोमे फ्रुंदो ग्लिपा' केलं, तरी फ्रुंदो नाम आणि त्रेबास क्रियापद हे सुटत नाही. शिकणाऱ्याला शब्दकोशात काय शोधायचं ते आधीच कळतं. परकी भाषा म्हणून वापरायच्या भाषेला ही सोय लाखमोलाची आहे.

पण 'एस्पेरांतोत प्रत्येक शब्दाला शेवट असतो' हे जे तुम्ही वाचलंय, ते खरं नाही. 'मी' म्हणजे चक्क मी, आणि तो ईकारान्त असून क्रियापद नाही. 'त्री' म्हणजे तीन, 'प्री' म्हणजे विषयी. 'ला' हे उपपद, 'दे' म्हणजे चा-ची-चे, 'से' म्हणजे जर, 'दो' म्हणजे तर मग. 'होदियाऊ' म्हणजे आज, आणि ते क्रियाविशेषण असून त्याला ए नाही. सर्वनामं, शब्दयोगी, उभयान्वयी, संख्या या छोट्या, मोजक्या शब्दांना शेवटाचा नियम लागत नाही. शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या. त्यांतल्या चारच इथं शेवटानं ओळखता येतात. मला हा झामेनहोफ यांचा शहाणपणा वाटतो. जे शब्द वाक्यागणिक येतात ते आखूड आणि ओबडधोबड राहिले म्हणून भाषा बोलता येते. तुमच्या तक्त्यात 'आणि', 'पण', 'वर' यांनाही शेवट लावलेले आहेत. ते आजच काढा. तुमच्या मित्राला कोड ऐकू आला तो बहुतेक याच शब्दांतून.

ए या शेवटाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण मराठीत त्याचा जवळचा भाऊबंद आहे. 'नोक्तो' म्हणजे रात्र, 'नोक्ते' म्हणजे रात्री. 'हेयमो' म्हणजे घर, 'हेयमे' म्हणजे घरी. आपल्या जुन्या सप्तमीची ई रात्री, सकाळी, घरी, दारी यांत उरली आहे आणि ती जवळजवळ हेच काम करते. फरक एवढाच की एस्पेरांतोतली ए कुठल्याही मुळाला लागते, आपली ई मोजक्याच शब्दांना. 'टेबली' म्हणून पाहा, कुणी ऐकून घेणार नाही. शिवाय आपल्या ईवर कामाचा बोजा फार: घोडीतली ई स्त्रीलिंगाची, घरीतली सप्तमीची, कोल्हापुरीतली विशेषण करणारी. आणि ती 'कोल्हापुरी' पायात घातली की नाम होते, शेवट न बदलता. एस्पेरांतोत शहर कोल्हापुरो, तिथली चप्पल कोल्हापुरा सांदालो, तिथला माणूस कोल्हापुरानो. प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

इथवर सगळं सोपं आहे. या पद्धतीची खरी गाठ पुढे आहे, आणि भाषा रचणारे दहांतले नऊ तिथंच अडकतात.

एस्पेरांतोत 'ब्रोसो' म्हणजे ब्रश. त्याला ई लावून 'ब्रोसी' केलं की ब्रशनं घासणं. ठीक. आता 'कोम्बी' म्हणजे केस विंचरणं. त्याला ओ लावून 'कोम्बो' केलं तर कंगवा मिळायला हवा, नाही का? मिळत नाही. 'कोम्बो' म्हणजे विंचरण्याची क्रिया. कंगव्याला 'कोम्बीलो' म्हणावं लागतं, कारण 'ईल' म्हणजे साधन. दोन्ही वस्तू एकाच आरशापुढं असतात, मग एकीला साधनाचा प्रत्यय लागतो आणि दुसरीला नाही, असं का? कारण 'ब्रोस' हे मूळ वस्तूचं आहे आणि 'कोम्ब' हे क्रियेचं. शेवट येण्याआधीच मुळाला स्वतःची जात आहे, आणि ती कुठंही दिसत नाही. हातोडा 'मार्तेलो', त्यावरून ठोकणं 'मार्तेली', म्हणजे हे मूळ वस्तूचं. कापणं 'त्रान्ची', त्यावरून चाकू 'त्रान्चीलो', म्हणजे हे मूळ क्रियेचं. शब्दकोश पाठ केल्याखेरीज कळायचा मार्ग नाही.

आणि वस्तूच्या मुळाला ई लावली की क्रिया कोणती होणार, हेही शेवट सांगत नाही. 'सालो' म्हणजे मीठ, 'साली' म्हणजे मीठ घालणं. 'मार्तेलो' हातोडा, 'मार्तेली' म्हणजे हातोडा घालणं नव्हे, हातोड्यानं ठोकणं. 'रेजो' राजा, 'रेजी' राज्य करणं. 'प्लुवो' पाऊस, 'प्लुवी' पाऊस पडणं. घालणं, वापरणं, होऊन वागणं, पडणं: चार नाती आणि त्या सगळ्यांवर एकच ई. व्यवहारात अडत नाही, कारण मिठाचं आणि राजाचं काय करतात हे माणसाला ठाऊक असतं. पण तुमच्या डोंगरी राज्यातल्या, कुणी न पाहिलेल्या वस्तूंवरून क्रियापदं करायला गेलात की वाचकाला काहीच ठाऊक नसतं.

1907 साली एस्पेरांतोतून इदो ही सुधारित भाषा निघाली, तेव्हा फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ लुई कूतुरा यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं, नामाचं क्रियापद केलं तर त्या क्रियापदाचं परत नाम करताना पहिलं नामच हातात आलं पाहिजे. एस्पेरांतोत 'क्रोनो' मुकुट, 'क्रोनी' मुकुट घालणं, आणि मुकुट घालण्याचा समारंभ 'क्रोनादो'. कूतुरा म्हणणार, 'क्रोनी' हे क्रियापद आहे, मग त्याचं सरळ नाम समारंभ व्हायला हवं. ते मुकुट कसं होतं? म्हणून इदोत मुकुट 'क्रोनो', मुकुट घालणं 'क्रोनिझार', आणि समारंभ 'क्रोनिझो'. मधला 'इझ' हे नातं उघड सांगतो. एस्पेरांतोच्या बाजूनं रने द सोस्यूर यांनी उत्तर मांडलं. फेर्दिनां द सोस्यूर या प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञाचे ते भाऊ. त्यांचा मुद्दा साधारण असा, की शब्दात लागतील तेवढे तुकडे हवेत आणि लागतील त्याहून जास्त नकोत; अर्थ कळत असेल तर 'इझ'चं ओझं कशाला. माझं मत विचाराल तर वादात कूतुरा बरोबर, बोलताना सोस्यूर. वर्गात इदोचे नियम मुलांना पटकन पटतात आणि बोलायला लागली की तीच मुलं मधला तुकडा गाळतात.

'गाळतात' लिहिलंच आहे, तर हा शब्द जवळून बघा. आपल्याकडे कारखान्याचा गाळप हंगाम असतो. गुऱ्हाळावर रस गाळून काहिलीत जातो. स्वयंपाकघरात चहाची गाळणी असते, खाली उरतो तो गाळ. 'गाळ' या एका मुळातून क्रिया गाळणे, धंद्याच्या प्रमाणावरची क्रिया गाळप, साधन गाळणी, उरलेला पदार्थ गाळ, विशेषण गाळीव. मराठीकडं नात्यांचे प्रत्यय भरपूर आहेत. फक्त ते एका कामाला बांधलेले नाहीत. गाळणी, चाळणी, किसणी, लेखणी यांतली णी साधनाची; पेरणी, मळणी, कापणी, ऊसतोडणी यांतली तीच णी क्रियेची. तोडणीला हातात धरायची वस्तू कुणी समजत नाही आणि चाळणीला हंगाम कुणी समजत नाही, पण हे शेवटामुळं कळत नाही, जगण्यामुळं कळतं. लाटणे आणि उलथणे यांत तर प्रत्ययही बदलत नाही; क्रियापदही तेच, पोळपाटाशेजारची वस्तूही तीच.

म्हणून तुम्हाला सांगते, दोन थर वेगळे करा. अगदी शेवटचा स्वर जात सांगतो. त्याच्या आधीचा तुकडा नातं सांगतो. एस्पेरांतोचं खरं बळ या दुसऱ्या थरात आहे आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. 'कुइरी' म्हणजे स्वयंपाक करणं. त्यावरून 'कुइरिस्तो' आचारी, 'कुइरेयो' स्वयंपाकघर, 'कुइरादो' चालू असलेला स्वयंपाक, 'कुइराझो' शिजवलेला पदार्थ. करणारा, जागा, चालू क्रिया, निपजलेली वस्तू. गंमत म्हणजे हे तुकडे सुटेही वापरता येतात: 'ईलो' म्हणजे साधन, 'एयो' म्हणजे जागा, 'आरो' म्हणजे समूह. तुमच्या चार शेवटांवर जेवढा वेळ घालवलात त्याच्या तिप्पट वेळ या तुकड्यांवर घालवा. करणारा, साधन, जागा, फळ, गुण, समूह: एवढी नाती धरलीत तरी कथेपुरता शब्दसंग्रह निघतो. आणि प्रत्येक मुळापुढं वहीत खूण करा, हे मूळ वस्तूचं, क्रियेचं की गुणाचं. ती खूण नसेल तर महिन्याभरानं तुमचं तुम्हालाच आठवणार नाही.

बाकीच्यांनी काय केलं ते आता भराभर सांगते. एस्पेरांतोच्या आधीची वोलाप्यूक, जर्मनीतल्या श्लायर या धर्मगुरूंची, 1879 ची. तिच्यात नामाला शेवटच नाही: 'श्योन' म्हणजे सौंदर्य. त्याला 'इक' लावून 'श्योनिक' सुंदर, आणि त्यावर आणखी ओ लावून 'श्योनिको' सुंदरपणे. सगळं नामापासून सुरू होतं. नामाला शून्य शेवट ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पाणिनीनं 'सुप्तिङन्तं पदम्' म्हटलं, म्हणजे ज्याच्या शेवटी सुप् (नामाचे) किंवा तिङ् (क्रियापदाचे) यांपैकी प्रत्यय आहे ते पद. आणि अव्ययांना प्रत्यय दिसत नाही म्हणून तिथं तो लावून लोप केला. शेवटावरून पद ठरवण्याचा विचार झामेनहोफ यांच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी आपल्याकडं पुरा झालेला होता.

सोलरेसोल ही सुद्रे या फ्रेंच संगीतशिक्षकाची सात सुरांची भाषा. तिच्यात शेवट बदलत नाही, आघाताची जागा बदलते. 'अवतार' या चित्रपटासाठी रचलेल्या नावी भाषेत क्रियाविशेषणाला पुढून 'नी' लागतो: 'विन' म्हणजे वेगवान, 'नीविन' म्हणजे वेगानं. आणि विशेषणाला लागणारा आ नामाच्या बाजूला चिकटतो, विशेषण नामाआधी असेल तर त्याच्या शेवटी, नंतर असेल तर त्याच्या सुरुवातीला. ही युक्ती मला फार आवडते. जात सांगता सांगता आपलं नाम कुठल्या बाजूला आहे तेही सांगून टाकते.

टोकी पोना, सोन्या लँग यांची 2001 मधली, हिनं शेवट टाकूनच दिले. शंभर-सव्वाशे शब्दांत संसार करायचा. 'मोकू' म्हणजे खाणं, अन्न, खाण्याचा, सगळं. 'यान ली मोकू ए किली': माणूस फळ खातो. 'ली'च्या पुढं येतं ते क्रियापद, 'ए'च्या पुढं येतं ते कर्म. शब्दाला जात नाहीच, जागेला आहे. कोल्हापुरी बोलीत आपण 'भारी'चं हेच करतो. भारी माणूस, भारी खेळला, लय भारी. शेवट एकच, अडलं कुणाचंच नाही.

लोजबान आणखी पुढं गेली. तिच्यात नाम, विशेषण, क्रियापद असा भेदच नाही. सगळे आशयाचे शब्द म्हणजे संबंध. 'गेर्कू' म्हणजे कुत्रा नव्हे, 'अमुक हा कुत्रा आहे'. तिथं शब्दाचा आख्खा घाट खूण करतो. मूळ शब्द पाच रोमन अक्षरांचा, त्यात दोन व्यंजनं लागून आलेली आणि शेवटी स्वर, व्याकरणाचे छोटे शब्द वेगळ्या घडणीचे, नावं व्यंजनान्त.

आता 'खरी वाटेल का'. एस्पेरांतोवर टीका होते ती एकसुरीपणाची. कवींनाही त्रास होतो: सगळी नामं ओकारान्त, सगळी वर्तमानकाळी क्रियापदं आसकारान्त, मग यमक फुकट मिळतं आणि फुकटच्या यमकाला किंमत राहत नाही. त्या स्वस्त यमकाला तिथं 'आदासिस्मो' असं नावच आहे. आपल्याकडं आला-गेला-केला जुळवणाऱ्याला शाहीर म्हणत नाहीत, तसंच. कवितेत एक सवलत मात्र आहे: एकवचनी नामाचा ओ गाळून चालतं.

खऱ्या भाषांत शेवट झिजतात, आणि तुमच्या राज्याला इतिहास आहे, म्हणून तुम्ही झीज दाखवलीच पाहिजे. ज्ञानेश्वरी उघडा, शके 1212 ची. पहिल्याच पानावर 'गणेशु' आणि 'प्रकाशु' भेटतील. अकारान्त पुल्लिंगी नामांची ती प्रथमेची उ होती. आज आपण गणेश आणि प्रकाश म्हणतो; उ गेली आणि तिची कुणाला आठवणही येत नाही. तुमच्या राज्यात गडाच्या दरवाजावरचा जुना शिलालेख पूर्ण शेवटांसह कोरलेला असू द्या. पुजारी आणि दरबारी लोक ते शेवट अजून लावतात. बाजारातली माणसं रोजच्या शब्दांचे शेवट खातात: पाणी, भाकर, आई, घर यांना शेवट नाही, न्याय, करार, सेनापती यांना आहे. एका वाक्यात दोन-तीन शब्द असे उघडे पडले की कोडाचा वास जातो. मात्र काय झिजायचं ते ठरवून झिजवा. क्रियापदाचा शेवट ठेवा, कारण वाक्य कुठं संपलं ते वाचणारा त्यावरून पकडतो. नामाचा शेवट सोडता येतो. विशेषण नामाला खेटून उभं असेल तर त्याचाही.

तुमच्या तक्त्यात मी स्वतः एवढे बदल करेन. नामाला काहीच नाही. क्रियापदाला तुमची '-ऊ' राहू दे, करू-जाऊमुळं ती मराठी कानाला क्रियेची वाटतेच. लिंबू-विंचूही आहेत, पण नामं बिनशेवटाची झाली की तो गोंधळ उरत नाही. फक्त एकही नाम ऊकारान्त ठेवू नका. विशेषणाला आ-ई-ए सोडून काहीतरी, म्हणजे लिंगाचा भास होणार नाही. '-ओश' किंवा '-इम' असं व्यंजनान्त चालेल. क्रियाविशेषणाला वेगळा शेवट नकोच, विशेषणाच्या आधी एखादा छोटा शब्द ठेवा.

राहिली नावं. लोजबानमध्ये पुणे किंवा सांगली स्वरान्त म्हणून चालत नाहीत. शेवटी एखादं व्यंजन जोडून 'पुनेस', 'सांगलिस' असं काहीतरी करावं लागतं. एस्पेरांतोत शहरांना ओ जोडण्याची पद्धत आहे, पण माणसांची नावं बहुधा तशीच राहतात, झामेनहोफ हे आडनावही. तुमच्या पात्रांची नावं आधीच चित्रांत उतरली असतील, तर त्यांना शेवटाच्या नियमातून सरळ सूट द्या. गावांच्या नावांचं मात्र आत्ताच ठरवून टाका, कारण नकाशा काढायला बसलात की गाव, तिथला माणूस आणि तिथली वस्तू हे तिन्ही शब्द एकदम लागतात.